घरच्या घरी गोल्फ क्लबचा शाफ्ट काढणे: पिळायचा की ओढायचा?

घणसोली_बोगी

नमस्कार मंडळी. दोन कामं एकदम निघाली आहेत.

पहिलं काम जुन्या आयर्न (धातूच्या पातळ हेडच्या क्लबच्या) सेटचं, ५ नंबरपासून पिचिंग वेजपर्यंत, एकूण सहा. हेड क्रोमची, फोर्ज्ड (ठोकून घडवलेली), शाफ्ट म्हणजे दांडे स्टीलचे. त्यांच्या जागी हलके ग्रॅफाइट बसवायचेत. जुने स्टील शाफ्ट भंगारात गेले तरी चालतील. दुसरं काम ड्रायव्हरचं, म्हणजे लांब फटक्याच्या मोठ्या हेडच्या क्लबचं. त्याचा ग्रॅफाइट शाफ्ट चांगला आहे, तो काढून दुसऱ्या हेडमध्ये टाकायचाय. म्हणजे इथे शाफ्ट वाचला पाहिजे, हेडचं काही झालं तरी हरकत नाही.

सातव्या मजल्यावरचा फ्लॅट, ४ इंची बेंच व्हाईस आहे, हीट गन विकत घेईन. कुणी म्हणतं पिळून काढा, कुणी म्हणतं पिळलात तर मेलात. नक्की काय करायचं?

लेथ_आणि_लॉफ्ट

दोन्ही बरोबर आहे, फक्त वेगवेगळ्या दांड्यांसाठी. स्टील पिळायचा, ग्रॅफाइट ओढायचा. बाकी सगळे तपशील यातूनच निघतात, म्हणून कारण आधी समजून घ्या.

शाफ्ट होझलमध्ये, म्हणजे हेडच्या पोकळ मानेत, इपॉक्सी गोंदाने चिकटवलेला असतो. आयर्नमध्ये साधारण ३० ते ३२ मिमी आत, वुडमध्ये (ड्रायव्हर त्यातलाच) ३८च्या आसपास. इपॉक्सी १०० ते १२० अंशांना मऊ पडायला लागते आणि त्याहून थोडं वर गेलं की तिची पकड सुटते. मऊ पडणं आणि सुटणं यांत फरक आहे. मऊ असतानाच थांबलात आणि होझल गार झालं की ती पुन्हा धरते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

स्टीलच्या नळीला पीळ दिला तर तिला काही होत नाही, उलट चिकटलेला थर पिळानेच लवकर फाटतो. ग्रॅफाइटची गोष्ट वेगळी. तो शाफ्ट म्हणजे कार्बनचे धागे आणि रेझिन. ते रेझिनही इपॉक्सीच्याच घराण्यातलं आणि त्याची सहनशक्ती तुमच्या गोंदापेक्षा फार वर नाही. होझल तापलं की दांड्याचं टोकही तापलेलं असतं. अशा वेळी पीळ दिला की धागे एकमेकांपासून सुटतात. बाहेरून कधीकधी काहीच दिसत नाही, शाफ्ट निघाल्यावर टोक बोटांनी दाबलं की किंचित लिबलिबीत लागतं. तो शाफ्ट संपला समजा.

म्हणून आयर्नसाठी हीट गन आणि हातमोजे पुरतील. ड्रायव्हरसाठी पुलर हवा, म्हणजे शाफ्ट न पिळता सरळ ओढून काढणारं साधन. त्याशिवाय त्याला हात लावू नका.

नऊचा_आयर्न

+१. पण गन घेण्याआधी घरातला प्लग पॉइंट बघा. बाजारात मिळणारी बरीचशी गन १८०० ते २००० वॉटची असते. २३० व्होल्टला १८०० वॉट म्हणजे जवळजवळ ८ अँपिअर. बाल्कनीतला किंवा टीव्हीमागचा छोटा सॉकेट ६ अँपिअरचा असतो. गीझर किंवा वॉशिंग मशीनचा १६ अँपिअरचा पॉइंट वापरा. एक्स्टेंशन लागलंच तर जाड तारेचं घ्या आणि पूर्ण उलगडून ठेवा. गुंडाळीतच ठेवलं तर गनच्या आधी तेच तापतं.

डिव्हट

हीट गन कशाला? २२० ग्रॅमचा ब्यूटेनचा डबा आणि वर टॉर्च. ४० सेकंदांत आयर्न मोकळा. गनने प्रत्येक क्लबला ४-५ मिनिटं जातात, ६ क्लबला अर्धा तास.

लेथ_आणि_लॉफ्ट

डिव्हट, स्टील शाफ्ट आणि साधं क्रोम हेड असेल तर टॉर्चला माझा विरोध नाही. अट एकच, ज्वाला एका जागी थांबता कामा नये. होझलभोवती फिरती ठेवायची आणि आतला निळा सुळका धातूला टेकवायचा नाही, त्याच्या पुढचा भाग लावायचा. कार्बन स्टील २२० अंशांच्या आसपास पिवळसर पडतं, ३००ला निळं. होझलवर पिवळी झाक दिसली म्हणजे गरजेपेक्षा कितीतरी जास्त तापवलंय. गोंद त्याच्या आधीच सुटलेला असतो.

मात्र या ठिकाणी टॉर्च नको: ग्रॅफाइट शाफ्ट वाचवायचा असेल तिथे. टायटॅनियम ड्रायव्हरला, कारण निळे-जांभळे डाग पडतात. काळ्या किंवा रंगवलेल्या हेडला. कार्बनचा मुकुट (हेडचा वरचा भाग) असलेल्या ड्रायव्हरला. आणि आतून फोम भरलेल्या पोकळ आयर्नला. हल्लीच्या कितीतरी आयर्नमध्ये पातळ चेहऱ्यामागे (चेंडूला लागणाऱ्या बाजूमागे) प्लास्टिकसारखा मऊ भराव असतो. बाहेरून कळत नाही, म्हणून मॉडेलचं नाव शोधून आधी खात्री करा. मागच्या बाजूचे बॅजही नुसत्या दुहेरी टेपवर बसवलेले असतात, उष्णता लागली की कोपरे उचलतात. अशा हेडला ओलं फडकं घट्ट पिळून चेहऱ्याभोवती गुंडाळायचं, फक्त होझल उघडं ठेवायचं. फडक्यातून वाफ यायला लागली की पुन्हा ओलं करायचं.

आणि सातव्या मजल्यावर, तेही स्वयंपाकघरात, टॉर्च अजिबात नको. पाइपचा गॅस तिथेच असतो. बाल्कनीत वाऱ्याने ज्वाला भरकटते आणि शेजारच्यांचे कपडे वाळत असतात ते वेगळंच.

शॉर्टगेम_ताई

ग्रिप काढण्यासाठी पेट्रोल किंवा टर्पेंटाइन वापरणार असाल तर ते काम वेगळ्या दिवशी करा. ग्रिपच्या आत शिरलेलं पेट्रोल तासन्‌तास उडत राहतं. शाफ्टच्या पोकळीत वाफ साचलेली असताना दुसऱ्या टोकाला ज्वाला लावणं म्हणजे काय, ते सांगायला नको.

घणसोली_बोगी

धन्यवाद सगळ्यांना. गनच घेतो. आता आयर्नची कृती जरा क्रमाने सांगाल का? ती काळी प्लास्टिकची रिंग आधी काढायची की नंतर?

लेथ_आणि_लॉफ्ट

ती फेरूल. तशीच ठेवलीत तर वितळून होझलच्या तोंडाला चिकटते आणि शाफ्टलाही धरून ठेवते. नवीन फेरूल मिळते, जुनी वाचवायचा मोह नको. गनने १०-१५ सेकंद शेकून घ्या, कटरने उभा छेद द्या, सोलून काढा. कटर शाफ्टच्या दिशेने दाबायचा नाही, होझलकडे तिरका धरायचा. तुमचा स्टील शाफ्ट जाणारच आहे, पण ड्रायव्हरच्या वेळी सवय कामाला येईल. ग्रॅफाइटवर कटरची एक आडवी रेघ म्हणजे तिथे मोडायची जागा तयार.

मग शाफ्ट व्हाईसमध्ये आडवा धरा. थेट जबड्यात नको, पातळ नळी चपटी होते आणि फिरायला लागते. रबराचा ठोकळा मध्यभागी भोक पाडून, एका बाजूने चिरून वापरा. रबर घसरत असेल तर आतून राळेची पूड लावा. काष्ठौषधीच्या दुकानात किंवा पूजेच्या सामानाच्या दुकानात राळ मिळते, मूठभर पुरते. खलबत्त्यात कुटून बारीक करा. घसरण्याची तक्रार जागच्या जागी मिटते.

होझल रबरापासून १०-१२ सेंटिमीटर लांब ठेवा. गनला अरुंद नोझल लावा, मोठ्या टप्प्यावर ठेवा, होझलपासून २-३ सेंटिमीटरवर धरा आणि सगळीकडून फिरवत राहा. गरम करायचं ते होझल, शाफ्ट नाही. जाड धातूला वेळ लागतो. पातळ नळी लगेच तापते आणि तिथूनच उष्णता पळून जाते. दोन मिनिटांनी चामड्याच्या मोज्याने हेड धरून डावीकडे-उजवीकडे पीळ द्या. हलत नसेल तर जोर करू नका, आणखी एक मिनिट तापवा. सुटायच्या आधी होझलच्या तोंडातून पांढुरका धूर आणि जळका वास येतो, मग एक बारीक कट् असा झटका हाताला जाणवतो. त्यानंतर पिळत पिळत बाहेर ओढायचं. मध्येच थांबायचं नाही.

निघालेलं हेड फरशीच्या तुकड्यावर ठेवा. पाण्यात बुडवू नका, क्रोम तडकू शकतं.

पारसिकचा_वारा

तापमान मोजायला इन्फ्रारेड थर्मामीटर वापरणार असाल तर एक गोम आहे. चकचकीत क्रोमवर तो खोटं बोलतो, १५० असताना ५०-६० दाखवतो. होझलवर काळ्या मार्करचा पट्टा ओढा किंवा मास्किंग टेपचा तुकडा लावा आणि तिथे नेम धरा. थर्मामीटर नसेल तर पाण्याचा थेंब टाका. थेंब चर्रकन उडाला की १०० ओलांडले.

उपवन_स्लाइस

एक शंका. क्लब उकळत्या पाण्यात धरला तर? किंवा ओव्हनमध्ये १५०ला लावून ठेवला तर? उष्णता सगळीकडे सारखी लागेल ना.

शॉर्टगेम_ताई

उकळतं पाणी १००च्या वर जात नाही, म्हणजे गोंद फार तर मऊ पडेल, सुटणार नाही. शिवाय हेडच्या आत पाणी शिरलं तर वर्षभर डुगडुगतं. ओव्हनमध्ये होझलबरोबर चेहरा, बॅज, इन्सर्ट, रंग सगळं १५०ला भाजून निघेल. आणि शाफ्ट बाहेर ठेवून ओव्हनचं दार लागणार कसं, हेही सांगा.

उपवन_स्लाइस

दाराचा विचारच केला नव्हता. 😀 मागे घेतो.

नऊचा_आयर्न

खाडीकाठच्या हवेत राहिलेल्या जुन्या स्टील क्लबचं वेगळं दुखणं असतं. होझलच्या तोंडाशी फेरूल सैल झालेली असेल तर पावसाळ्याचं पाणी आत मुरतं आणि नळी आतून गंजते. गोंद सुटला तरी गंज फुगून शाफ्टला आवळून धरतो. लक्षण असं की धूर येऊन गेला, वास येऊन गेला, तरी शाफ्ट ढिम्म. अशा वेळी आणखी तापवून उपयोग नाही. पूर्ण गार होऊ द्या, पुन्हा तापवा, असं दोन-तीन वेळा करा. प्रत्येक वेळी प्रसरण-आकुंचनाने गंजाचा थर थोडा थोडा तडकतो. गार असताना गंज सोडवणारं तेल तोंडाशी सोडलं तर चालेल, पण पुढच्या तापवणीआधी ते नीट पुसून टाका, नाहीतर पेट घेतं.

घणसोली_बोगी

आयर्नचं समजलं. आता ड्रायव्हर. तयार पुलर परदेशातून मागवायचा म्हटलं तर महाग पडतो. करून घेता येईल का?

लेथ_आणि_लॉफ्ट

येईल. पुलरमध्ये मुळात गुंतागुंत काहीच नाही. शाफ्ट एका ठोकळ्यात घट्ट धरायचा, होझलच्या तोंडाला एक खाच असलेली पट्टी लावायची आणि स्क्रूने ती पट्टी ठोकळ्यापासून दूर ढकलायची. हेड सरळ रेषेत, न फिरता पुढे जातं. सगळी अक्कल ‘न फिरता’ यात आहे.

लागणारं सामान: सुमारे १०० मिमी लांबीचे ॲल्युमिनियमचे दोन ठोकळे. एकमेकांवर ठेवून मधोमध १६ मिमीचं आरपार भोक, म्हणजे प्रत्येकात अर्धं अर्धं. त्या भोकात २ ते ३ मिमीचं रबर. ठोकळे आवळायला एम१०चे ४ बोल्ट. ढकलायला दोन बाजूंना एम१२चे दोन थ्रेडेड रॉड. ते ठोकळ्याच्या आट्यांतून जातात आणि त्यांची टोकं पट्टीवर टेकतात. पट्टी किमान १० मिमी जाडीची, स्टीलची. तिला ९.५ मिमी रुंदीची, एका बाजूने उघडी खाच म्हणजे शाफ्टवर बाजूने बसवता येते. खाचेच्या कडा कानस मारून गुळगुळीत करा, कारण त्या शाफ्टला खेटून असतात.

दोन्ही रॉड सारखे फिरवायचे, एकदा इकडे अर्धा वेढा, एकदा तिकडे अर्धा. एकच बाजू पुढे गेली तर पट्टी तिरकी होते आणि शाफ्टचं टोक होझलमध्ये वाकतं. दोन रॉडची ही कटकट नको असेल तर मध्ये २ टनी छोटा बॉटल जॅक आडवा बसवायची पद्धत आहे. पण बरेच बॉटल जॅक आडवे नीट चालत नाहीत, तेल पंपाकडे येत नाही. पंप खालच्या अंगाला येईल असा ठेवला तर चालतो.

वागळे इस्टेटमध्ये किंवा ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून टीटीसी औद्योगिक वसाहतीत लहान लेथ-मिलिंगवाले आहेत, त्यांना कागदावर मापं घालून दिली तर दोन तासांचं काम आहे. बोल्ट, रॉड, ड्रिल बिट मुंबईत नागदेवी स्ट्रीटला घ्या. वाशीहून हार्बरने किंवा ठाण्याहून स्लोने मस्जिदला उतरायचं, तिथून चालत.

डिव्हट

एक सोपा मार्ग. शाफ्ट व्हाईसमध्ये रबरात धरा, होझल तापवा आणि दोन्ही हातांनी हेड सरळ ओढा. निघतो की.

लेथ_आणि_लॉफ्ट

निघतो, पण ‘सरळ ओढणं’ हाताने होत नाही. ड्रायव्हरचं हेड एका बाजूला फुगलेलं, त्याचं वजन शाफ्टच्या रेषेत नाही. ओढताना मनगट वळतंच. शिवाय अचानक सुटला की आपण मागे जातो, हेड भिंतीवर. शाफ्ट फेकायचाच असेल तर करा. इथे शाफ्टच वाचवायचाय.

पारसिकचा_वारा

अचानक सुटण्यावरून आठवलं. शाफ्टच्या पोकळीत हवा अडकलेली असते. टोकाशी प्लग असेल आणि ग्रिपच्या बुडाचं छोटं भोक बुजलेलं असेल, तर तापलेल्या हवेला जायला जागा नसते. गोंद सुटला की हेड फट्‌कन बाहेर फेकलं जातं. ग्रिपचं भोक सुईने मोकळं करा आणि शाफ्टच्या रेषेत समोर उभं राहू नका. चष्मा घाला.

घणसोली_बोगी

ड्रायव्हर अ‍ॅडजस्टेबल आहे हे सांगायचं राहिलं. तळाला स्क्रू आहे, त्याने हेड वेगळं होतं. त्याने काही फरक पडतो?

नऊचा_आयर्न

अहो, मग निम्मं काम झालंच! हेडला उष्णता लावायचा प्रश्नच नाही. टी२५ टोकाच्या टॉर्क पान्ह्याने स्क्रू सोडा, शाफ्टच्या टोकाला स्लीव्ह उरेल. ती ॲल्युमिनियमची, पातळ. शाफ्ट चिकटवलेला आहे तो तिच्यात.

स्लीव्हवरच्या खुणा कुठे आहेत त्याचा फोटो काढून ठेवा. शाफ्टवरची अक्षरं वर येणार की खाली हे त्या खुणांवर ठरतं.

दुसऱ्या हेडची कंपनी वेगळी असेल तर ही स्लीव्ह तिथे बसणार नाही, दुसरी घ्यावी लागेल. घेताना शाफ्टच्या टोकाचा व्यास मोजा. ०.३३५ इंच म्हणजे ८.५ मिमी, ०.३५० म्हणजे ८.९. डिजिटल कॅलिपर नसेल तर घ्याच, अंदाजाने चालत नाही.

लेथ_आणि_लॉफ्ट

स्लीव्ह असेल तर पुलर तोच, फक्त पट्टी स्लीव्हच्या वरच्या कडेला टेकवायची. फेरूल आधी काढायचीच. ॲल्युमिनियम फार चटकन तापतं. गन छोट्या टप्प्यावर ठेवा, ३०-४० सेकंद फिरवा, मग रॉडना हलका ताण द्या. नाही सरकली तर आणखी १५ सेकंद. ताण कायम ठेवून थोडी थोडी उष्णता वाढवायची, एकदम खूप तापवून मग ओढायचं नाही. योग्य क्षण आला की ताण आपोआप सैल पडतो, रॉड हलके फिरायला लागतात. तिथून गन बंद करून सलग फिरवत बाहेर काढा.

निघाल्यावर शाफ्टचं टोक तपासा. गोंदाचा तपकिरी, कुरकुरीत थर दिसेल, तो नखाने निघतो. त्याखाली काळा, गुळगुळीत, टणक दांडा असायला हवा. धागे उभे राहिलेले दिसले, रंग राखाडी पडला असेल किंवा टिचकी मारल्यावर आवाज बोदा आला तर तो शाफ्ट पुन्हा वापरू नका. पूर्ण वेगाच्या स्विंगमध्ये टोक तुटलं तर हेड कुठे जाईल सांगता येत नाही. खारघरच्या कोर्सवर तुमच्या मागे-पुढे माणसं असतात.

उपवन_स्लाइस

स्लीव्ह नसलेले जुने ड्रायव्हर असतात त्यांचं काय? काहींमध्ये शाफ्ट तळापर्यंत गेलेला दिसतो.

शॉर्टगेम_ताई

कॅलवे कंपनीची १९९१ची बिग बर्था तशीच आहे, शाफ्ट हेडमधून आरपार तळाला येतो. तिथे वरून होझल दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. उष्णता वरून आणि तळाच्या टोकाशी, दोन्हीकडून द्यावी लागते आणि चिकटलेली लांबी नेहमीपेक्षा बरीच जास्त. ग्रॅफाइट असेल तर वाचण्याची आशा कमी. तिथे उलटा हिशेब करा. हेड ठेवायचंय ना? मग शाफ्ट होझलपासून २ सेंटिमीटर वर कापा आणि उरलेला ड्रिलने काढा.

घणसोली_बोगी

ड्रिलने म्हणजे? तुटलेला शाफ्ट होझलमध्ये राहिला तर काय करतात, तेही विचारणारच होतो.

लेथ_आणि_लॉफ्ट

किती बाहेर आहे आणि कशाचा आहे, यावर ठरतं.

स्टीलचा तुकडा दोन सेंटिमीटर जरी बाहेर असला तरी लॉकिंग प्लायरमध्ये पकडा, होझल तापवा, पिळा. चपटा झाला तरी चालतो, तो वाचवायचा नाही. आतून चपटा होऊ नये म्हणून पोकळीत योग्य जाडीचा खिळा घालून मग पकडलं तर पकड चांगली येते. होझलच्या तोंडाशी सपाट तुटला असेल तर उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर पोकळीत ठोकून बसवा, तापवा आणि घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. जितका फिरवाल तितका तो आत रुततो आणि तुकड्याला घेऊन फिरतो. पोकळीत वजनाचा प्लग असेल तर एक्स्ट्रॅक्टर तळाला टेकतो आणि रुतत नाही. आधी खिळा घालून खोली मोजा.

ग्रॅफाइटचा तुकडा सपाट तुटला तर पोकळीत घट्ट बसेल असा लाकडाचा लांब स्क्रू गार असतानाच पिळून बसवा. स्क्रूचं डोकं व्हाईसमध्ये धरा, होझल भरपूर तापवा, हेड ओढा. तुकडा वाचवायचा नाही म्हणून इथे उष्णतेची कंजुषी नको. फक्त हेडच्या रंगाकडे लक्ष ठेवा. स्क्रू एकटाच निघून आला तर मात्र ड्रिल. पोकळीपेक्षा किंचित मोठ्या बिटने सुरुवात, मग एकेक मिलिमीटर वाढवत होझलच्या व्यासापेक्षा अर्धा मिमी आधी थांबा. गती कमी, दाब कमी. शेवटचा पातळ पापुद्रा तापवून टोच्याने सोलून येतो. टायटॅनियम होझलची भिंत पातळ असते. बिट तिरकं गेलं तर हेड कायमचं जातं, म्हणून हातातल्या ड्रिलपेक्षा स्टँडवरचा बरा.

कार्बनची धूळ फार वाईट. एन९५ मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि झाडू नाही, ओलं फडकं. पंखा बंद ठेवा. कातडीत रुतलेले धागे दोन दिवस खाजवतात.

पारसिकचा_वारा

जुन्या आयर्नमध्ये होझलच्या तळाशी शिशाची पूड किंवा बारीक प्लग असतो, वजन जुळवायला. शाफ्ट निघाल्यावर करड्या रंगाची भुकटी सांडली तर ती शिशाची असू शकते. फुंकर मारू नका, ओल्या कागदाने टिपा, पिशवीत बांधा, हात साबणाने धुवा. आणि कुठल्या क्लबमधून किती निघालं ते वजन करून लिहून ठेवा. हेडमध्ये २ ग्रॅम म्हणजे जवळजवळ १ स्विंगवेट (फिरवताना हेड हाताला किती जड लागतं त्याचं माप). सेटमध्ये एकाच क्लबचे ४ ग्रॅम गेले तरी तो हातात वेगळा लागतो.

घणसोली_बोगी

होझलची आतली सफाई कशाने? आणि नवीन ग्रॅफाइट शाफ्ट ०.३७० इंची पॅरलल (टोक एकाच जाडीचं) आहेत, जुने स्टील टेपर (टोकाकडे निमुळते) असावेत.

नऊचा_आयर्न

मग आधी मोजा! टेपर टोक ०.३५५ इंच, ९.०२ मिमी. पॅरलल ०.३७०, ९.४० मिमी. टेपर होझलमध्ये पॅरलल जाणार नाही, तोंडाशीच अडकेल. उलट असेल तर पितळेची पातळ शिम (फट भरणारं पत्र्याचं अस्तर) घालून भागतं, पण तुमच्या बाबतीत होझल मोठं करावं लागेल. ९.४ मिमीचं बिट सहज मिळत नाही, ९.५ मिळतं. फोर्ज्ड हेड असेल तर ते ड्रिल प्रेसवर, हेड नीट बांधून, रेषेत करायला हवं. त्यापेक्षा त्याच पैशात टेपर टोकाचे ग्रॅफाइट बदलून घ्या. शाफ्ट अजून कापले नसतील तर दुकानदार बदलून देईल.

सफाई तापलेल्या होझलमध्येच सुरू करा. ९ मिमीचं बिट हातानेच फिरवून जळका गोंद खरवडा, मग तारेचा गोल ब्रश ड्रिलला लावून. शेवटी ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस काडीला गुंडाळून फिरवा. कापूस स्वच्छ निघेपर्यंत. ॲसिटोन होझल पूर्ण गार झाल्यावरच, भडकतं ते.

शॉर्टगेम_ताई

परत बसवताना ५ मिनिटांत सुकणारा गोंद नको. तो ठोका सहन करत नाही आणि उष्णताही. मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीच्या डिकीत तो ढिला पडतो आणि पहिल्याच ड्राइव्हला हेड फिरतं. हळू सुकणारी, दोन भागांची, ठोका सोसणारी इपॉक्सी घ्या. ३एमची डीपी४२० किंवा डीपी४६० गोल्फवाले वापरतात. २४ तास हात लावायचा नाही.

नव्या ग्रॅफाइटच्या टोकावरचा फक्त रंग आणि चमक १२० नंबरच्या पॉलिश पेपरने काढा, जितकं आत जाणार तितकंच. काळी भुकटी यायला लागली की थांबा, ती धाग्यांची आहे. स्टील असेल तर ८० नंबरने चकाकी जाईपर्यंत घासा.

पावसाळ्यात हे काम करत असाल तर घासणं, पुसणं आणि चिकटवणं एका बैठकीत उरका. घासलेल्या स्टीलवर आपल्या दमट हवेत रातोरात तांबूस झाक येते आणि गोंद त्या झाकेला धरतो, स्टीलला नाही.

पारसिकचा_वारा

लांबीचंही बघा. अर्धा इंच लांबी म्हणजे ३ स्विंगवेट. आणि शाफ्ट ९ ग्रॅमने हलका झाला की साधारण १ उतरतो. १२० ग्रॅमच्या स्टीलवरून ७० ग्रॅमच्या ग्रॅफाइटवर गेलात तर ५-६ स्विंगवेट हलके वाटतील. जुन्या होझलमधून निघालेले प्लग आणि भुकटीची नोंद त्या वेळी कामाला येईल.

घणसोली_बोगी

शाफ्ट बदलून देतो म्हणाला दुकानदार, टेपर घेतले. रविवारी सुरुवात करतोय. फेरूल काढल्यावर एक दिसलं: होझलच्या बाजूला मध्यावर बारीक गोल ठिपका आहे, दोन मिमीचा असेल, धातूत अगदी सपाट. बरोबर समोरच्या बाजूलाही तसाच. सहाही क्लबवर. डाग म्हणून सोडून देऊ ना?

लेथ_आणि_लॉफ्ट

नाही! बरं झालं विचारलंत. ती पिन आहे. जुन्या सेटमध्ये गोंदाच्या जोडीला होझल आणि शाफ्टमधून आरपार पिन ठोकून वरून घासून सपाट करत. तुम्ही कितीही तापवलं असतं, कितीही पिळलं असतं, शाफ्ट हलला नसता. होझल मात्र निळं झालं असतं.

हेड लाकडाच्या खाचेत आडवं टेकवा, ठिपक्याच्या खाली भोक किंवा मोकळी जागा राहील असं. ठिपक्याच्या मध्यावर सेंटर पंचने खूण करा. पिनपेक्षा किंचित बारीक पंचने हातोडीचे हलके, सरळ ठोके द्या. एका बाजूने जात नसेल तर हेड उलटं करून दुसऱ्या बाजूने, काही पिना एका टोकाला किंचित बारीक असतात. तरीही हलली नाही तर दीड मिमीच्या बिटने मधोमध ४-५ मिमी पोखरा आणि पुन्हा पंच. पिन बाहेर आली की भोकातून पलीकडचा उजेड दिसायला हवा.

सहाही पिना काढून एका डबीत ठेवा, मोजा. सहा भरल्याशिवाय गनचा प्लग लावू नका.